सातव्या पानावरच्या चार ओळी

चार ओळी जास्त होत्या.

कॉन्फरन्सला पाठवायच्या रिसर्च पेपरची सहा पानं गच्च भरलेली आणि सातव्या पानावर डाव्या कॉलमच्या डोक्यावर त्या चार ओळी बसलेल्या, त्यांच्याखाली लगेच संदर्भांची यादी. नियम असा की मजकूर सहा पानांत आटोपला पाहिजे, संदर्भ मग पुढे कितीही पानं जाऊ देत. डेडलाइनला पाच तास उरलेले. माझा को-ऑथर फोनवर म्हणाला, "अगं चारच तर ओळी आहेत, मार्जिन जरा खेच ना, कोण पट्टी घेऊन बसणारे मोजायला?" आता पट्टी घेऊन कोणी बसत नाही हे खरंय, पण फॉरमॅट तपासणारी माणसं असतात, आणि त्यांच्या नजरेतून सुटलं तरी निवडीसाठी पेपर वाचणाऱ्या ज्या बिचाऱ्या रिव्ह्यूअरने त्याच टेम्प्लेटमधले, म्हणजे कॉन्फरन्सने दिलेल्या साच्यातले, चार पेपर लागोपाठ वाचलेत त्याला पाचवा दाटीवाटीचा दिसला की तो ओळखतोच, इथे काहीतरी गडबड आहे. आणि मार्जिन खेचलं म्हणून पेपर न वाचताच परत आला तर ते सांगायला तोंड राहत नाही. म्हणून मार्जिनला हात लावायचा नाही हे आमचं ठरलेलं. तरी तो दर वर्षी विचारतोच.

म्युझिक टेक्नॉलॉजीत रिसर्च करते म्हणलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हेडफोन, मिक्सर, चमचमणारे दिवे येतात. असतं तेही. पण डेडलाइनच्या आधीचे तीन आठवडे मी जे करते ते छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्या माणसाचं काम आहे, फक्त खिळे स्क्रीनवर. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. वाटायचं, काम झालंय, निकाल हातात आहेत, आता ही नुसती रांगोळी. सातआठ पेपर झाल्यावर (त्यातले चार साभार परत) मत बदललं, पण तेही पूर्ण नाही, कुरकुर आजही चालूच असते.

पेपर कशावर होता ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गायलेला स्वर नेमका कधी सुरू होतो? प्रश्न ऐकायला बावळट वाटतो. पियानोची पट्टी दाबली की ठक्कन सुरुवात होते, वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या लाटेच्या चित्रावर, कडा दिसते, तिथे खूण करा, संपलं. गळ्याचं तसं नसतं. आधी श्वास, मग व्यंजन असलं तर त्याचा धक्का, मग आवाज खालून घसरत स्वरावर येतो, कधी तर तिथे टेकायच्या आतच पुढे निघतो, मग स्वर सुरू कधी झाला म्हणायचं? आमच्या क्षेत्रात याला ऑनसेट डिटेक्शन म्हणतात, आणि कॉम्प्युटरने सांगितलेली वेळ माणसाने केलेल्या खुणेच्या ५० मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे आली तर ती बरोबर धरायची असा जुना रिवाज आहे. ५० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा विसावा हिस्सा. पियानोला ते भरपूर झाले. गाण्याला? आम्ही तिघांनी (मी, को-ऑथर आणि आमचे सर) एकाच रेकॉर्डिंगवर वेगवेगळं बसून खुणा केल्या आणि तिघांच्या खुणा एकमेकींशीच भांडायला लागल्या. तिथून पेपर सुरू झाला.

आणि हे सगळं, श्वास, घसरण, टेकणं, निघणं, हे सांगायचं कशावर, तर न वाजणाऱ्या सहा पानांवर. याची मला अजून सवय झालेली नाही. आमच्या क्षेत्रातल्या कॉन्फरन्सच घ्या: पहिली आयसीएमसी १९७४ ला मिशिगनमधे भरली, डाफेक्स १९९८ ला बार्सिलोनात सुरू झाली, इस्मिर २००० साली मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला, नाइम तर २००१ ला सिअ‍ॅटलच्या एका मोठ्या कॉन्फरन्सच्या पोटातलं छोटंसं वर्कशॉप म्हणून, आणि इतक्या वर्षांत या सगळ्या ठिकाणी लोकांनी काय काय वाजवून दाखवलं असेल, पण पेपरची निवड व्हायची ती कागदावरूनच. सोबत ऑडिओ देता येतो, पण रिव्ह्यूअरने तो उघडलाच पाहिजे अशी सक्ती बहुतेक ठिकाणी नसते. नाइमने २०२१ मधे पेपर पबपब नावाच्या वेब प्लॅटफॉर्मवर आणले, तिथे नव्या वाद्याचा व्हिडिओ दोन परिच्छेदांच्या मधेच चालायचा, मी ते पेपर वाचताना, म्हणजे बघताना, म्हणजे ऐकताना... क्रियापदच सापडेना. आम्ही मात्र कागदवाले.

कागद मुका म्हणून मग आवाजाचं चित्र काढायचं. स्पेक्ट्रोग्राम. आडवी वेळ, उभी फ्रीक्वेन्सी, रंग म्हणजे जोर. माझ्या लॅपटॉपवर ते काय देखणं दिसायचं, पाच सेकंदांचा तुकडा अख्खी स्क्रीन भरून, घसरण कशी तर आळस देणाऱ्या मांजराच्या पाठीसारखी. मग ते टेम्प्लेटमधे टाकलं. इस्मिरच्या टेम्प्लेटची मापं मला पाढ्यासारखी पाठ आहेत: ए फोर कागद, डावी-उजवीकडे १.९ सेंटिमीटर मार्जिन, मधे १७.२ ची जागा, तिच्यात ८.२ चे दोन कॉलम आणि त्यांच्यामधे ०.८ ची बोळकांडी. आमच्या या कॉन्फरन्सचं टेम्प्लेटही त्याच वळणाचं होतं. आता ८.२ सेंटिमीटरमधे पाच सेकंद कोंबले की एक सेकंद येतो १.६४ सेंटिमीटरवर, आणि ज्या ५० मिलिसेकंदांवर अख्खा पेपर उभा आहे ते येतात ०.८२ मिलिमीटरवर. एक मिलिमीटरसुद्धा नाही! आम्हा तिघांच्या तीन खुणा तिथे एकमेकींना चिकटून एकच जाड रेघ झालेल्या. पेपर सांगत होता की भांडण आहे, आणि चित्र म्हणत होतं कुठंय भांडण, सगळे तर एका जागी उभे आहेत.

मग पाच सेकंदांऐवजी दोन सेकंदांचा तुकडा घेतला. ५० मिलिसेकंद दोन मिलिमीटर झाले, खुणा सुट्या झाल्या, मी खूश. सरांनी बघितलं आणि विचारलं, "विंडो किती घेतलीय?" (विंडो म्हणजे चित्र काढताना एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा मोजतात तो.) २०४८ सॅम्पल, म्हणजे आवाजाची २०४८ मोजमापं, सगळे घेतात तेवढीच. "म्हणजे किती वेळ?" सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेटला ती होते साधारण ४६ मिलिसेकंद, आणि हा भागाकार तोंडातून बाहेर पडतापडताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण ज्या फरकाबद्दल आम्ही सहा पानं लिहीत होतो जवळजवळ तेवढाच धूसरपणा त्या चित्रात मुळातच भरलेला होता, खुणा जिथे वेगळ्या व्हायच्या नेमकं तिथेच चित्र पुसट. विंडो लहान करून बघितली, तर वेळ स्वच्छ आली पण फ्रीक्वेन्सी पसरट झाली आणि मांजराची पाठ कुठे आहे तेच कळेना. दोन्ही एकदम स्वच्छ मिळत नाही, हे विद्यार्थ्यांना मी स्वतः शिकवते.

शेवटी स्पेक्ट्रोग्राम काढूनच टाकला. त्याच्या जागी पिचची, म्हणजे स्वराच्या उंचीची, एक साधी काळी रेघ, तिच्याखाली वेव्हफॉर्म, आणि त्यावर तीन खुणा, एक गोल, एक चौकोन, एक त्रिकोण, रंगावर विसंबायचंच नाही म्हणजे काळंपांढरं प्रिंट काढणाऱ्यालाही कळेल. तीन आठवडे आम्ही ज्या चित्रावर खूश होतो ते आमचा मुद्दा दाखवतच नव्हतं, आणि हे पकडलं कुणी, तर ८.२ सेंटिमीटरने. तेव्हापासून मी उलटं करते, पहिल्याच दिवशी चित्र कॉलमच्या रुंदीचं काढते आणि मग ठरवते त्याच्यातून काय सांगता येईल.

(जाताजाता: स्पेक्ट्रोग्राम ठेवायचाच असेल तर तो व्हेक्टर म्हणून, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांचं चित्र म्हणून, सेव्ह करू नका, एकेक ठिपका वेगळा चौकोन म्हणून जातो, फाइल फुगते आणि समोरच्याचा पीडीएफ रीडर ते चौकोन एकेक करून रंगवत बसतो. अक्षरं व्हेक्टर, आतलं चित्र पिक्सेलचं. ८.२ सेंटिमीटरला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) हजाराच्या आतबाहेर पिक्सेल लागतात, बास. आणि तो जुना इंद्रधनुष्यी रंगपट वापरू नका, आलेख काढायच्या मॅटप्लॉटलिब या सॉफ्टवेअरनेसुद्धा २०१७ मधे तो डीफॉल्टमधून काढून व्हिरिडिस आणला, कारण त्या रंगपटात नसलेल्या कडा दिसतात, आणि कडा शोधण्यावरच्या पेपरात नसलेल्या कडा म्हणजे कमालच की.)

दुसरी फजिती नोटेशनची. गाणाऱ्या बाईंनी काय गायचं होतं ते दाखवायला आम्ही स्टाफ नोटेशनच्या, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीच्या, दोन ओळी घातल्या होत्या, त्याला मला तीन दिवस लागले कारण लिरिक्स आणि स्वर एका उभ्या रेषेत येईनात. माझ्याकडे झकास दिसत होतं. को-ऑथरने त्याच्या मशीनवर उघडलं आणि मेसेज पाठवला, "हे कुठल्या भाषेतलं गाणं?" स्क्रीनशॉटमधे ट्रेबल क्लेफच्या, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या त्या वळणदार चिन्हाच्या, जागी अँपरसँड (&) आणि स्वरांच्या जागी क्यू, क्यू, एच. मला आधी वाटलं व्हायरस.

ते असं असतं की जुन्या संगीत फॉन्टमधे, अडोबीच्या सोनाटापासून, चिन्हं कीबोर्डच्या अक्षरांवर बसवलेली आहेत, क्वार्टर नोट क्यूवर, हाफ नोट एचवर, आणि ट्रेबल क्लेफ अँपरसँडवर कारण दोघांचा वळसा सारखा दिसतो. फॉन्ट पीडीएफमधे एम्बेड झाला नाही, म्हणजे फाइलच्या आतच भरला गेला नाही, की समोरच्याच्या मशीनवर वरचं चिन्ह गळून पडतं आणि खालचं अक्षर उघडं पडतं. नंतर स्मफल नावाचं प्रमाण आलं, त्यात प्रत्येक चिन्हाला युनिकोडच्या खाजगी भागात स्वतःची जागा आहे, त्यामुळे आता फॉन्ट नसला की अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात. एवढी प्रगती झाली. उपाय साधा, पाठवण्याआधी पीडीएफफॉन्ट्स नावाची एक कमांड चालवायची, ती प्रत्येक फॉन्टपुढे एम्बेड आहे की नाही ते लिहून देते. तिथे टाइप थ्री असा फॉन्टचा प्रकार दिसला तर तो बहुतेक मॅटप्लॉटलिबचा आलेख असतो, काही सबमिशन सिस्टिम्सना टाइप थ्री चालत नाही, तेव्हा फॉन्टटाइपला ४२ द्यायचं आणि आलेख पुन्हा काढायचा. हे मला कुणी शिकवलं नाही, मार खाऊन कळलं.

कागदाच्या मापाचीही एक गंमत आहे, आणि ही मला फार आवडते. नवीन लॅपटॉपवर लाटेक, म्हणजे आम्ही ज्याच्यात पेपर मांडतो ते सॉफ्टवेअर, टाकलं होतं आणि त्याने गुपचूप सगळं लेटर या अमेरिकी साइजवर काढून दिलं. ए फोर असतो २९७ मिलिमीटर उंच, लेटर २७९. आकडे तेच, जागा बदललेल्या, त्यामुळे चेकलिस्ट वाचताना डोळा फसला. त्या रात्री कागदाची मापं वाचत बसले होते तेव्हा ध्यानात आलं की ए फोर या नावाचं आमच्याकडे दुसरं पण काहीतरी आहे, ४४० हर्ट्झचा स्वर, मिडीमधे (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा) नंबर ६९, ज्याच्याशी ऑर्केस्ट्रा जुळवतात तो. त्या स्वराचं आयएसओ प्रमाण १६ नंबरचं, कागदाचं २१६, दोन्ही १९७५ ची. आणि त्याहून भारी म्हणजे ए फोर कागदाची उंची भागिले रुंदी येते दोनाचं वर्गमूळ, १.४१४, म्हणूनच तो मधे दुमडला तरी आकार तोच राहतो, आणि समान अंतराच्या बारा पट्ट्यांच्या सप्तकात दोनाचं वर्गमूळ म्हणजे सहा पट्ट्या वर, म्हणजे सा पासून बरोब्बर तीव्र मध्यम! सप्तकाचा अगदी मध्य. मी जो कागद रोज शिव्या देत भरते तो तीव्र मध्यमाचा आहे. लगेच लेटरचं गुणोत्तर काढलं, १.२९४. शुद्ध गंधार १.२६ ला, शुद्ध मध्यम १.३३५ ला, म्हणजे लेटर त्यांच्या मधे कुठेतरी, बेसूर. को-ऑथरला रात्री दोन वाजता हे कळवलं. त्याने फक्त "झोप" लिहिलं.

लाटेकवर माझा राग आहे तसा जिव्हाळाही आहे. ते ज्या टेक नावाच्या प्रोग्रॅमवर उभं आहे तो कॉम्प्युटर शास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७७-७८ मधे लिहायला घेतला, कारण त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली आणि गणिताची छपाई त्यांना बघवेना. लवकर उरकेल असं वाटलेलं ते काम दहाएक वर्षं पुरलं. आणि हा माणूस ऑर्गन वाजवतो, घरात पाइप ऑर्गन बसवून घेतलाय. मला हे कळल्यापासून "ओव्हरफुल एचबॉक्स, २.३ पॉइंट जास्त रुंद" असा ओळ कॉलमबाहेर गेल्याचा इशारा आला की तो एखाद्या कानाच्या तयार गुरुजींनी दिलाय असं वाटतं, की अगं थोडा चढा लागतोय. २.३ पॉइंट म्हणजे मिलिमीटरही नाही, पण ऐकू येतो त्यांना.

संदर्भांची यादी मांडणाऱ्या बिबटेकबद्दल फार बोलत नाही. एवढंच की शीर्षकातली मोठी अक्षरं ते परस्पर छोटी करतं, म्हणून मिडी, बाख, आणि सगळ्या संक्षेपांना महिरपी कंस घाला. बाख छोट्या बी ने छापलेला मी माझ्याच पेपरात बघितलाय, दीड वर्षाने, दुरुस्त करायची सोय संपल्यावर.

नाव लपवायचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायलाच हवं. डबल ब्लाइंड म्हणजे आम्हाला रिव्ह्यूअर माहीत नाही, रिव्ह्यूअरला आम्ही माहीत नाही. पहिल्या पानावरची नावं कुणीही काढतं. पण टेम्प्लेटच्या पहिल्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात लायसन्सची ओळ असते, सीसी बाय ४.०, आणि तिच्यात लेखकांची नावं परत येतात, ती विसरायला होतात. मग "आमच्या आधीच्या कामात" असं लिहायचं नाही, स्वतःबद्दल परक्यासारखं बोलायचं, "यापूर्वी असं दाखवण्यात आलंय की", आणि गंमत म्हणजे असं लिहिताना मला आमचा आधीचा पेपर पहिल्यांदाच जरा कच्चा वाटला. आभार काढायचे, ग्रँटचा नंबर काढायचा. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधे ऑथर म्हणून आपलं नाव बसलेलं असतं ते काढायचं. कोड ठेवला असेल तर त्याच्या लिंकमधे युजरनेम असतं.

हे सगळं केलं. मग ऑडिओच्या फाइल्स. एमपीथ्रीच्या टॅगमधे रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव, तेही काढलं. झिप करायच्या आधी म्हणलं एकदा ऐकून घेऊ, हेडफोन लावला, आणि चौथ्या उदाहरणात गाणं सुरू व्हायच्या आधी सरांचा आवाज, अगदी स्पष्ट, माझं नाव घेऊन, "हं, झालं का गं, करायची का सुरुवात?" आणि त्यामागून माझं "एक मिनिट सर." सहा पानांतून आम्ही स्वतःला असं पुसून काढलेलं की आम्हालाच वाटावं हा पेपर कुणी लिहिला, आणि इथे आम्ही दोघं ऐसपैस गप्पा मारतोय. ते कापलं. पण खरी अडचण त्याच्यापुढे आहे. गाणाऱ्या बाईंचा आवाज. या क्षेत्रातल्या ज्यांनी आमची आधीची उदाहरणं ऐकलीत ते दोन सेकंदांत ओळखतील. नाव झाकता येतं, आवाजाला टोपणनाव देता येत नाही. मी नियम तीनदा वाचले, आवाजाबद्दल त्यात काही नव्हतं, कागदाचेच नियम ते. सर म्हणाले, राहू दे, आवाज तर द्यावाच लागेल, त्याच्यावरच तर पेपर आहे.

माझी एक मैत्रीण पेपर नाही, कलाकृती पाठवते, तिचं वेगळंच. तिला स्टेजचा नकाशा काढून द्यावा लागतो, किती चॅनल, किती स्पीकर, कुठे टेबल, कुठे प्लग, मांडायला किती मिनिटं आणि आवरायला किती. आठ स्पीकरसाठी रचलेली रचना निवडसमितीसाठी दोन चॅनलवर उतरवून द्यायची. ती म्हणते, आठ कोपऱ्यांतून फिरणारा आवाज दोन कानांत बसवताना मला तुझ्या कॉलमची आठवण येते. मी तिला म्हणलं, तुझं निदान वाजतं तरी.

आता वेळ. डेडलाइन असते एओई, एनीव्हेअर ऑन अर्थ, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत. सर्वात मागे चालणारं घड्याळ यूटीसी उणे बाराचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या बारा तास मागचं, आणि त्या पट्ट्यातली जमीन म्हणजे बेकर आणि हाउलंड ही दोन बेटं, तिथे माणसं राहतच नाहीत. म्हणजे जगभरातले संगीतवाले ज्या मध्यरात्रीला घाबरून जागत बसतात ती मध्यरात्र झालेली बघायला तिथे कुणीच नसतं, असलेच तर समुद्रपक्षी. मला त्या पक्ष्यांचा फार आधार वाटतो.

तर त्या पाच तासांत चार ओळी. पहिल्यांदा आमचा नेहमीचा उपाय, ज्या परिच्छेदांच्या शेवटच्या ओळीत एकटाच शब्द लोंबकळतोय ते शोधायचे, आणि वर कुठेतरी "मोठ्या प्रमाणावर" चं "खूप" करायचं की तो शब्द वर ओढला जातो आणि अख्खी ओळ मिळते. आम्ही पेपर इंग्रजीतच लिहितो, पण पाल्हाळ सगळ्या भाषांत सारखाच. असं करून दोन ओळी मिळाल्या. "हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की" असल्या अर्थाची वाक्यं दोन ठिकाणी होती, ती उडवली, अर्थाचा केसही हलला नाही, एक ओळ. मग एक चित्र दोन मिलिमीटरने बुटकं केलं तर लाटेकने रागावून ते पुढच्या पानावर नेऊन टाकलं आणि आम्ही सात ओळींनी मागे. परत जागेवर आणलं. एक ओळ राहिली. ती राहिलेली ओळ तासभर हलेना.

मग चर्चेच्या भागातला एक परिच्छेद दिसला. त्यात आम्ही लिहिलं होतं की आम्हा तिघांच्या खुणा वेगळ्या का पडल्या असाव्यात, म्हणजे मी स्वतः गाते त्यामुळे मी श्वास संपला की खूण करत होते, सर स्वर टेकला की करत होते, आणि को-ऑथर, जो तालवाद्य वाजवतो, तो व्यंजनाच्या धक्क्यावर. चार ओळी होत्या. आकडे नव्हते त्याला, सिद्ध काही केलेलं नव्हतं, नुसतं आम्हाला वाटलेलं. एक ओळ हवी होती पण त्यातली एकच कापली तर अर्थ लागेना. सगळाच काढला. पेपर सहाव्या पानावर संपला, खाली तीन ओळींची मोकळी जागा राहिली, ती बघून मला अपराधी वाटलं, पण तोवर पक्ष्यांकडे दीडच तास उरला होता. अपलोड केला, कन्फर्मेशनचा मेल आला, परत डाउनलोड करून उघडून बघितला (हे नेहमी करा, आपण पाठवलेलं आणि तिथे पोचलेलं एकच असेल असं नाही), क्लेफ क्लेफच होता, झोपले.

रिव्ह्यू आले तेव्हा मी बसमधे होते. पहिल्याने चांगलं म्हणलं होतं, दुसऱ्याने आमच्याहून जास्त संदर्भ दिले होते. तिसऱ्याचे फक्त सहा मुद्दे आणि त्यातला चौथा असा की खुणा करणाऱ्या तिघांमधे फरक पडला हे दाखवलंय, पण तो का पडला याबद्दल लेखकांना काय वाटतं ते पेपरात कुठेच नाही, आणि खरं तर या पेपरातला सर्वात रंजक प्रश्न तोच आहे. बसमधे मोठ्याने काही बोलता येत नाही.

पेपर घेतला होता. फायनल प्रतीला पानं तेवढीच, सहा. आता आमची नावं परत येणार, पत्ते परत येणार, लायसन्सच्या ओळीत नावं परत येणार, आणि ते चार ओळींचं कारण परत येणार, शिवाय त्या तिसऱ्याने विचारलंय म्हणून जरा विस्ताराने, म्हणजे सहा तरी ओळी. रात्री को-ऑथरचा फोन आला. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "मार्जिनबद्दल बोलत नाहीये मी." मग दोघंही गप्प.

मी आकृती दोनकडे बघत बसले, नोटेशनच्या त्या दोन ओळी, तीन दिवस लागलेल्या, फॉन्ट एम्बेड केलेला, लिरिक्स स्वरांखाली अगदी ओळंब्यात. बाईंनी काय गायचं होतं ते सांगणारी. पण काय गायलं ते आकृती तीनमधल्या काळ्या रेघेत होतंच, आणि पेपर गायलेल्याबद्दल होता. आकृती दोन काढली. जागा इतकी झाली की सहाच्या आठ ओळी लिहिता आल्या, त्यात श्वासाचं, टेकण्याचं आणि धक्क्याचं सगळं नीट आलं, कोण गातं आणि कोण वाजवतं हेही आलं, आता नावं लपवायची नव्हती ना.

फाइल को-ऑथरला पाठवली. दोन मिनिटांत मेसेज आला, "क्लेफ कुठे गेला?"